चेलीबेटींची वाट आपल्या दारावरून

(महिला कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



नेपाळी भाषेत माहेराला ‘माइती’ म्हणतात आणि माहेरच्या लेकीला ‘चेली’. आपण जसे सहज ‘लेकीबाळी’ म्हणतो, तसे तेथे ‘चेलीबेटी’ म्हणतात. इतका मायेचा हा शब्द. परंतु गेल्या काही दशकांत तो ज्या जोडशब्दात सर्वाधिक ऐकू येतो, तो आहे ‘चेलीबेटी बेचबिखन’, म्हणजे लेकीबाळींची विक्री. वृत्तपत्रांचे मथळे, शाळांतील भित्तिपत्रके, गावोगावची पथनाट्ये, सर्वत्र हा शब्द रुळला आहे. एखाद्या समाजाच्या भाषेत असा शब्द रुळावा, यातच त्या दुःखाचे वय कळते. १९९३ मध्ये अनुराधा कोइराला या शिक्षिकेने काठमांडूत या कामासाठी संस्था उभारली, तेव्हा तिला नाव दिले ‘माइती नेपाळ’. ज्यांना माहेराचे दार बंद झाले, त्यांचे हे माहेर. भारत सरकारने २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन या कार्याचा गौरव केला.

तथापि आजचा विषय नेपाळमधील कार्याचा नाही. या लेकींच्या प्रवासाचा जो टप्पा आपल्या भूमीवरून जातो, त्याचा आहे. त्या भारतात राहावयास येत नाहीत, भारतातून पुढे जातात. आठ दिवस, तीन आठवडे, कधी दोन महिने त्या आपल्या शहरात असतात आणि आपल्याला त्यांची चाहूलही लागत नाही.

भारत आणि नेपाळ यांचे नाते कागदावर निर्माण झालेले नाही. पशुपतिनाथाच्या दर्शनाला जाणारा मराठी यात्रेकरू आपण परदेशात आलो असे मनाने कधीच मानीत नाही. जनकपूर हे सीतामाईचे माहेर. विवाहपंचमीला तेथे रामसीतेच्या लग्नाचा सोहळा होतो आणि अधूनमधून अयोध्येहून वाजतगाजत वरातही जाते. मिथिलेचा प्रदेश सीमेच्या दोन्ही अंगांना पसरलेला असल्याने ‘रोटी-बेटीचा संबंध’ हे शब्द तेथे भाषणापुरते नाहीत. खरोखरच सोयरिकी होतात. ३१ जुलै १९५० च्या मैत्रीकराराने या नात्याला कायद्याचे रूप दिले. सुमारे १,७५० किलोमीटरची सीमा, आणि ती ओलांडण्यास दोन्ही देशांच्या नागरिकांना पारपत्र लागत नाही, प्रवेशपत्र लागत नाही. जगात अशा सीमा फार थोड्या आहेत. त्याचा अभिमान बाळगावा, हे योग्यच आहे.

पण या अभिमानाच्या पोटात एक गोष्ट दडलेली आहे आणि ती पाहिली पाहिजे. जेथे शिक्का नाही तेथे नोंद नाही. सकाळी दहाला सुनौलीची कमान ओलांडून गोरखपूरच्या बसमध्ये बसलेली मुलगी पुढे बेपत्ता झाली, तर ती कोणत्या दिवशी, कोणाबरोबर, कोठे जावयास निघाली, हे सांगणारी एकही वही ना त्या बाजूला असते, ना या बाजूला. परक्या देशातून आलेल्या स्त्रीचे निदान पारपत्रावरचे नाव तरी सरकारदरबारी असते. नेपाळहून आलेली ही स्त्री धड परकी नाही म्हणून तिची नोंद नाही, आणि धड आपली नाही म्हणून तिची विचारपूस नाही.

या प्रश्नाचे जुने रूप महाराष्ट्राला चांगले परिचित आहे, किंबहुना ते आपल्याच अंगणात घडले. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईच्या वेश्यावस्तीवर पोलिसांनी छापे घातले आणि सुमारे पाचशे मुली-स्त्रियांना बाहेर काढले. त्यांतील दोनशेच्या आसपास नेपाळी होत्या. पुढे जे घडले ते अधिक विचार करावयास लावणारे आहे. नेपाळ सरकार त्यांना स्वीकारण्यास राजी होईना. कोणी आजाराची भीती पुढे केली, कोणी विचारले की या नेपाळीच कशावरून? नागरिकत्वाचा दाखला बहुतेकींजवळ नव्हता. त्या काळच्या नेपाळी कायद्यात तो मुख्यतः बापाच्या नावाने मिळे, आणि येथे बापच काय, गावही मुलीचे नाव घ्यावयास तयार नव्हते. कित्येक महिने त्या निवासगृहांत अडकून पडल्या. अखेर नेपाळमधील स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेऊन शंभराहून अधिक जणींना परत नेले. डोंगरातल्या खेड्यांत ‘मुंबईला गेलेली’ हे शब्द तोवर शिवीसारखे झाले होते. आपल्या राजधानीचे नाव कुणाच्या तोंडी अशा अर्थाने यावे, ही मराठी माणसाने विसरण्याजोगी गोष्ट नव्हे.

त्या परतलेल्या मुलींपैकी काहीजणींनी १९९६ मध्येच ‘शक्ती समूह’ ही संघटना सुरू केली. २००० मध्ये तिची रीतसर नोंदणी झाली आणि २०१३ मध्ये तिला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्यावर आलेल्या प्रसंगातून ज्या बाहेर आल्या, त्यांनीच चालविलेली अशी संघटना तोवर कोणी पाहिली नव्हती.

आता नवे रूप. मुंबई-कोलकात्याची जुनी वाट संपली असे नाही. पण तिच्यापेक्षा मोठी वाट आता कुवेत, सौदी अरब, ओमान, संयुक्त अरब अमिराती यांच्याकडे जाते. तेथे घरकामाला माणसे हवी असतात, आणि नेपाळच्या खेड्यात रोख पैसा नसतो. नेपाळच्या एकूण उत्पन्नाच्या जवळजवळ चौथ्या भागाएवढी रक्कम परदेशी गेलेल्या माणसांनी पाठविलेली असते. २०२१ च्या जनगणनेत सुमारे २२ लाख नेपाळी घराबाहेर, देशाबाहेर असल्याची नोंद झाली. यांत स्त्रियांचा वाटा पूर्वीपेक्षा वाढला आहे.

तिकडे पुरुषाने परमुलखात जाणे नवे नाही. रणजितसिंहाच्या सैन्यात भरती होण्यासाठी लाहोरला जाणारा तो ‘लाहुरे’. तेव्हापासून बाहेर जाऊन कमावून आणणाऱ्या प्रत्येक पुरुषाला हा शब्द लागतो आणि तो मानाचा आहे. हिंदुस्थानला त्यांच्या जुन्या बोलीत ‘मुगलान’ म्हणत, आणि मुगलानला गेलेल्याची वाट पाहणे हा घरच्या बाईचा धर्म मानला जाई. लक्ष्मीप्रसाद देवकोटा यांच्या १९३६ मधील ‘मुनामदन’ या काव्यात नायक ल्हासाला कमवावयास जातो आणि नायिका घरी थांबते. आज मुना स्वतः निघाली आहे. नवरा आजारी असेल, तोच परदेशात असून पैसे पाठवीत नसेल, मुलांचे शिक्षण अडले असेल. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात सुमारे नऊ हजार माणसे गेली. सिंधुपाल्चोकसारख्या जिल्ह्यात गावेच्या गावे कोसळली. घर उभे करावयास पैसा कोठून आणावा? पुरुष गेला तर लाहुरे, आणि बाई गेली की गावाची नजर बदलते. तिच्या जाण्याला मानाचा शब्दच नाही. म्हणून ती गुपचूप जाते, आणि हे गुपचूप जाणेच दलालाचे भांडवल असते.

शासनानेही यात नकळत भर घातली. १९९८ मध्ये कुवेतमध्ये एका नेपाळी घरकामगार स्त्रीचा संशयास्पद मृत्यू झाला, देशभर संताप उसळला आणि सरकारने स्त्रियांच्या आखाती देशांतील नोकरीवर बंदी घातली. २०१० मध्ये ती सैल केली. ऑगस्ट २०१२ मध्ये तीस वर्षांखालील स्त्रियांना घरकामासाठी आखातात जाण्यास पुन्हा मज्जाव झाला. पुढे अटी बदलत गेल्या, २०१७ मध्ये संसदीय समितीच्या निर्देशाने पुन्हा दार लागले, २०२० मध्ये काही अटींवर ते किलकिले करण्याचे ठरले. २०२१ मध्ये तर चाळीस वर्षांखालील स्त्रीने पर्यटक म्हणून आखाती वा आफ्रिकी देशांत जाताना घरच्यांचे आणि स्थानिक वॉर्डाचे संमतिपत्र आणावे, असा प्रस्ताव आला. नेपाळी स्त्रियांनी रस्त्यावर येऊन त्याचा निषेध केला. हेतू रक्षणाचाच होता, यात शंका नाही. पण परिणाम काय झाला? काठमांडूच्या विमानतळावर जिला अडविले जाते, तिच्यासाठी दक्षिणेला १,७५० किलोमीटरचे दार उघडेच आहे. बंदीने तिचे जाणे थांबले नाही, फक्त वाट बदलली, आणि ती वाट भारतातून जाते.

ही वाट कशी असते, ते थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे; कारण कार्यकर्त्याला पुढे ओळखावयाची आहे ती हीच.

सुरुवात बहुधा ओळखीच्या माणसापासून होते. चित्रपटातल्यासारखा काळा चष्मा घातलेला खलपुरुष क्वचितच येतो. येते ती गावची दिदी, आत्याचा दीर, किंवा स्वतः आखातात राहून आलेली एखादी शेजारीण. ती सांगते, एक पैसाही लागणार नाही. विमानाचे भाडे, कागदपत्रे, सारे मालक देतो. हे बव्हंशी खरेही असते, कारण दलालाला त्याचे पैसे पलीकडून मिळतात. दोघी-तिघी मिळून निघतात. सीमेवर कोणी विचारले तर दिल्लीला उपचारासाठी, नातेवाइकाच्या लग्नाला, तीर्थयात्रेला, अशी उत्तरे पढविलेली असतात. सीमा ओलांडली की मोबाइलचे नेपाळी सिमकार्ड बंद पडते. घराशी असलेला धागा येथेच तुटतो. काकडभिट्ट्याहून पानीटंकी, वीरगंजहून रक्सौल, भैरहवाहून सुनौली, नेपाळगंजहून रुपईडीहा, महेंद्रनगरहून बनबसा. नावे वेगवेगळी, पण पुढची बस किंवा गाडी एकाच दिशेला जाते.

दिल्लीत एखादी भाड्याची खोली किंवा स्वस्त हॉटेल. पारपत्र दलालाच्या ताब्यात. आखाती देशाचे पर्यटक प्रवेशपत्र येईपर्यंत थांबावयाचे. खरा धोका येथे सुरू होतो. तिला त्या वस्तीचे नाव ठाऊक नसते, त्यामुळे फोन मिळाला तरी ‘मी कोठे आहे’ हे ती सांगू शकत नाही. बाहेर पडू नको, पोलीस पकडतील, असे तिला सांगितलेले असते. या मुक्कामात अत्याचार झाला तर तक्रार कोणाकडे करणार? तिच्या समजुतीप्रमाणे तर तीच गुन्हेगार असते. आणि मन बदलून परत जाते म्हणाली, की आजवर ‘फुकट’ असलेल्या प्रवासाचा हिशेब पुढे येतो: एवढे भाडे झाले, एवढे जेवण झाले, एवढे कागदांना गेले, ते फेड आणि जा. खेड्यातल्या त्या बाईने एवढी रक्कम कधी एकत्र पाहिलेली नसते.

जुलै-ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली महिला आयोगाने थोड्या दिवसांच्या अंतराने राजधानीत अनेक ठिकाणी कारवाया करून अशा स्त्रियांना सोडविले. मुनिरका, मैदानगढी आणि नंतर पहाडगंज. पहाडगंजच्या एकाच हॉटेलातून एका रात्रीत ३९ नेपाळी स्त्रिया बाहेर आल्या. त्यांना आखातात धाडण्याचा बेत होता. पहाडगंज म्हणजे नवी दिल्ली रेल्वेस्थानकासमोरची गजबजलेली वस्ती. आपल्यापैकी अनेकजण यात्रेला वा अधिवेशनाला जाताना तेथे उतरले असतील. शेजारच्या खोलीचे दार दिवसभर बंद का, असा प्रश्न त्यांच्या मनात आला नसेल. यायला हवा होता असे म्हणणे सोपे आहे. पण न येणे हेच तेथे सर्वांच्या अंगवळणी पडलेले आहे, हॉटेलच्या नोकरापासून पाहुण्यापर्यंत.

दिल्लीत पहारा कडक झाला की वाट सरकते. भारतीय विमानतळावरून आखाताला जाणाऱ्या नेपाळी नागरिकाजवळ त्यांच्या दूतावासाचे ना-हरकत पत्र मागितले जाते. म्हणून खोटी पत्रे तयार होतात, नाहीतर मुंबई, कोलकाता, अन्यथा आधी श्रीलंका आणि मग पुढे. २०१९ च्या प्रारंभी मणिपूर पोलिसांनी म्यानमारच्या वाटेवर असलेल्या दीडशेहून अधिक नेपाळी नागरिकांना अडविले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. हिमालयाच्या कुशीतली स्त्री अरबस्तानात पोहोचावयाची म्हणून पूर्वेला मोरेहच्या सीमेकडे नेली जाते, यावरून या व्यापाराचा आवाका ध्यानात यावा.

आणि आपल्या कायद्याची मर्यादा दाखविणारी घटना सप्टेंबर २०१५ ची. गुडगावच्या एका उच्चभ्रू इमारतीतील सदनिकेतून पोलिसांनी दोन नेपाळी स्त्रियांना सोडविले. त्यांना डांबून ठेवल्याचे आणि त्यांच्यावर वारंवार अत्याचार झाल्याचे आरोप ज्याच्यावर झाले, तो सौदी दूतावासातील अधिकारी होता. राजनैतिक संरक्षणाच्या आधारे तो काही दिवसांत भारताबाहेर गेला. येथील न्यायालयापुढे त्याला उभे करता आले नाही.

भारतातून गेल्याने ही स्त्री काय गमावते, ते फारसे बोलले जात नाही. नेपाळच्या २००७ च्या कायद्यानुसार परदेशी नोकरीला जाणाऱ्याने ‘श्रम स्वीकृती’ घ्यावी लागते आणि त्याला नेपाळच्याच विमानतळावरून पाठवावे लागते. त्या स्वीकृतीबरोबर विमा येतो आणि कल्याण निधीतील साहाय्याचा हक्क येतो. दिल्लीवरून गेलेलीजवळ यातले काही नाही. सरकारच्या दप्तरी ती परदेशी गेलेलीच नाही. तिकडे कफाला पद्धतीत ती मालकाच्या नावाशी बांधलेली असते. सोडून गेली तर पळून गेल्याची तक्रार होते. सौदी अरबने २०२१ मध्ये या पद्धतीत काही सुधारणा केल्या, पण घरकामगारांना त्यांतून वगळले. पगार थकला तर कराराचा कागद नाही, आजारी पडली तर विमा नाही, आणि मृत्यू आला तर घरच्यांच्या हाती ना भरपाई ना खरी हकीकत.

येथे काहीजण सुचवितात की मग सीमाच बंद करावी. हा विचार वरवर राष्ट्रहिताचा वाटतो, पण तो नीट तपासला तर टिकत नाही. २००१ पासून सशस्त्र सीमा बल तेथे उभे आहे आणि अनेक मुलींना त्याच्या जवानांनी नाक्यावरूनच परत पाठविले आहे. परंतु शेतांतून, नदीपात्रांतून जाणाऱ्या शेकडो पायवाटा कोण बंद करणार? आणि ज्या कोट्यवधींचे सासर-माहेर, बाजार, दवाखाना सीमेपलीकडे आहे, त्यांची कोंडी करून दलालाचे काय बिघडणार? बंदीने वाट अधिक आडमार्गाला जाते, हे १९९८ पासूनच्या अनुभवाने दाखविले आहे.

दुसरी एक गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांना थोडी कडू वाटेल. ‘सुटका’ हा शब्द आपल्याला प्रिय आहे. पण या वाटेवरच्या सगळ्याच स्त्रिया फसवून आणलेल्या भोळ्या मुली नसतात. पुष्कळजणी जाणत्या वयाच्या, दोन मुलांच्या आया असतात. धोका त्यांनी ऐकलेला असतो आणि तरीही त्या निघालेल्या असतात. अशा स्त्रीला रडवीत, समजावीत नाक्यावरून परत पाठविले, छायाचित्र घेतले, आणि विषय संपला असे मानले, तर महिन्याभरात ती दुसऱ्या नाक्यावरून जाते. या वेळी कर्ज अधिक आणि दलाल अधिक सावध. तिला अडविण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्नही आहेच. प्रौढ स्त्रीला कमवावयास जाण्याचा हक्क आहे. आपल्याच देशातही तीस वर्षांखालील, कमी शिकलेल्या स्त्रियांना आखातात घरकामास जाण्याची परवानगी मिळत नाही, आणि म्हणून गोदावरीच्या मुखाकडच्या आंध्रातील कित्येक स्त्रिया पर्यटक प्रवेशपत्रावर जाऊन तशाच अडकतात. तेव्हा नेपाळला शहाणपण शिकविण्याआधी आपले घर पाहावे.

कायदा आहे. राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने माणसांच्या व्यापाराला मनाई केली आहे. दंडसंहितेचे कलम ३७० २०१३ मध्ये विस्तारले गेले आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १४३ त्या जागी आले. अडचण अशी की हा गुन्हा तुकड्यातुकड्यांत घडतो. फसवणूक सिंधुपाल्चोकमध्ये, मुक्काम दिल्लीत, छळ कुवेतमध्ये. दिल्लीचा हवालदार पाहतो तेव्हा त्याला एका खोलीत बसलेल्या, स्वखुशीने आलो म्हणणाऱ्या चार प्रौढ बायका दिसतात. गुन्हा दिसतच नाही. काठमांडूत २००२ मध्ये सार्क देशांनी स्त्री-बालकांच्या व्यापाराविरुद्ध करार केला, पण तो वेश्याव्यवसायासाठी होणाऱ्या व्यापारापुरताच. घरकामाच्या नावाने नेलेली स्त्री त्याच्या शब्दांत बसत नाही.

म्हणून जे काम उरते ते समाजाचे, आणि ते येथूनच सुरू होते. मुंबई-पुण्याच्या गृहसंकुलांच्या फाटकावर नेपाळी पहारेकरी असतो. वर्षानुवर्षे त्याला ‘बहादूर’ म्हटले जाते. त्याचे खरे नाव किती घरांना ठाऊक असते? त्याची बहीण, मेहुणी, गावची मुलगी कोठे निघाली आहे, कोणी तिला काय आमिष दाखविले आहे, हे सर्वप्रथम त्याच्या कानी येते. दिवाळीच्या भाऊबीजेला त्यांच्याकडे ‘भाइटीका’ असतो. त्या दिवशी बहुतेक बहादूर एकटेच फाटकावर असतात. आपल्या महिला शाखांनी त्या दिवशी त्यांच्या कपाळी टिळा लावावा, ओळख करून घ्यावी, आणि ती ओळख वर्षभर टिकवावी. गोरखपूर, रक्सौल, दिल्ली येथील सेवाकार्यांनी स्थानकावर थोडे नेपाळी बोलू शकणारे कार्यकर्ते ठेवावेत.

त्या कार्यकर्त्यांना एक सूचना आवर्जून द्यावयास हवी. समोरच्या स्त्रीला ‘कोणाबरोबर पळालीस’ असे विचारू नये. ती गप्प होते आणि पुन्हा बोलत नाही. दोनच गोष्टी विचाराव्यात: पारपत्र तुझ्याजवळ आहे की दुसऱ्याकडे, आणि आज रात्री जेथे उतरणार आहेस त्या जागेचा पत्ता तुला ठाऊक आहे का. दोन्हींची उत्तरे नकारार्थी आली, तर तिच्या हाती १८१ हा महिला साहाय्यवाणीचा क्रमांक आणि त्या वस्तीचे नाव स्पष्ट अक्षरांत लिहून द्यावे, नेपाळी देवनागरीतच लिहिली जात असल्याने तिला ते वाचता येते. आणि माहेरचा एक दूरध्वनी क्रमांक, ती देत असेल तर, आपल्या वहीत तारखेसह उतरवून घ्यावा.